हातातली चिप: सात वर्षांच्या वापरानंतर

२०१८ च्या शरद ऋतूत स्टॉकहोममधल्या एका पिअर्सिंगच्या दुकानात जाऊन मी डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात, कार्डाऐवजी हात टेकवून दार उघडता येईल अशी ओळखचिप बसवून घेतली. सुमारे दीड हजार क्रोना मोजले. त्या काळी इथे या चिपचे बरेच कौतुक होते. एपिसेंटर या सामायिक कार्यालयाने २०१५ पासूनच आपल्या सभासदांना ती बसवून द्यायला सुरुवात केली होती आणि चिपधारक स्वीडिश लोकांची संख्या काही हजारांवर गेली होती. आज सात वर्षांनी, ‘घ्यावी का?’ असे विचारणाऱ्या मित्रमैत्रिणींना प्रत्येक वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा अभिप्राय.

वस्तू अगदी साधी आहे. सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी बंद काचेची नळी, आत तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एनटॅग २१६ जातीची चिप. तिला सगळे तांदळाचा दाणा म्हणतात. तो शिजलेल्या बासमतीचा धरावा, आंबेमोहोराचा नव्हे. आत बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राच्या, १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतून मिळेल तेवढ्या विजेवर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपते. आपण काही लिहून ठेवावे म्हटले तर जागा ८८८ बाइटची, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट खात असल्यामुळे मराठीत तीनशे चिन्हेही त्यात मावत नाहीत. मी रक्तगट आणि बायकोचा फोन क्रमांक लिहिला आणि विषय संपवला.

बसवण्याची भीती मात्र अनाठायी होती. दुकानातल्या मुलीने कातडी चिमटीत धरली, ‘श्वास सोडा’ म्हणाली, आणि जाड सुई आत जाऊन बाहेरही आली. रक्ताचा एक थेंब, वर पट्टी, दोन आठवड्यांत सगळे भरून आले. आजही अंगठ्याने दाबले की दाणा कातडीखाली किंचित सरकतो, आणि सभेत कंटाळा आला की तसे करण्याची मला सवय लागली आहे.

‘यावरून तुम्ही कुठे आहात ते सरकारला कळते का?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. कळत नाही. चिप काही मिलिमीटरच्या पलीकडे वाचताच येत नाही, त्यामुळे माझ्या मागावर असलेल्या माणसाला आधी माझा हात हातात घ्यावा लागेल. ज्याला पाळत ठेवायची आहे त्याच्यासाठी माझ्या खिशातला फोन पुरेसा आहे.

खरी अडचण वापरात आहे, आणि ती जाहिरातीत कुठेच दिसत नाही. भिंतीवरचा रीडर सपाट कार्डासाठी घडवलेला असतो, तर माझ्या हातातले वेटोळे बारीक नळीवर गुंडाळलेले आहे. नेमकी जागा आणि नेमका कोन साधल्याशिवाय दोघांची भेट होत नाही. पहिले कित्येक महिने मी कार्यालयाच्या दाराशी मूठ घासत उभा असे आणि मागचा सहकारी खांद्यावरून हात घालून आपल्या कार्डाने दार उघडून देई. स्वीडनच्या एसजे या रेल्वे कंपनीने २०१७ मध्ये चिप हेच तिकीट म्हणून स्वीकारायला सुरुवात केली. तपासनीस आपल्या फोनने चिपमधला सभासद क्रमांक वाचत असे. सुरुवातीला काही प्रवाशांच्या हातातून तिकिटाऐवजी त्यांचे लिंक्डइनचे पान उघडल्याच्या बातम्या आल्या होत्या. गोथेनबर्गच्या प्रवासात मी ही सोय दोनदा वापरली, दोन्ही वेळा ती व्यवस्थित चालली, आणि दोन्ही वेळा लक्षात आले की तिकीट काढण्यासाठी फोन तर आधीच हातात घेतला होता.

तिसऱ्या वर्षी कार्यालयाने दारांचे रीडर बदलले. जुने रीडर चिपचा क्रमांक यादीत आहे का, एवढेच पाहत. असा क्रमांक उघडा असतो, तो कोणालाही वाचता येतो आणि दुसऱ्या कार्डावर उतरवताही येतो, म्हणून सुरक्षा विभागाने कार्डातली गुप्त किल्ली तपासणारी पद्धत आणली, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता येणार नाही. माझ्या चिपला ती भाषा येत नाही. सहकाऱ्यांना सोमवारी सकाळी नवी कार्डे मिळाली आणि जुनी एका खोक्यात जमा झाली. मलाही नवे कार्ड मिळाले, पण माझे जुने कार्ड खोक्यात टाकता येण्यासारखे नव्हते. माझी आजी म्हणे की दागिने इथेच राहतात, मेल्यावर बरोबर येते ते गोंदण. माझे हे काचेचे गोंदण एक कंत्राट बदलले तेवढ्यात निकामी झाले.

हे माझ्याच बाबतीत झाले असेही नाही. अमेरिकेत व्हेरिचिप नावाची दंडात बसवायची चिप होती. तिला २००४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. तिच्यात फक्त १६ आकडी क्रमांक असे. तो वाचून रुग्णाची माहिती कंपनीच्या नोंदींतून काढायची, म्हणजे विस्मरणाच्या आजाराने नाव सांगू न शकणाऱ्या माणसाचीही ओळख पटेल, अशी कल्पना होती. मला अजूनही वाटते की चिपच्या बाजूने केलेला हा सर्वांत सहृदय युक्तिवाद आहे. २०१० मध्ये तिची विक्री थांबली. दंडातला क्रमांक टिकाऊ असतो. त्या क्रमांकाला अर्थ देणारी वही दुसऱ्याच्या ताब्यात असते, आणि ती वही किती वर्षे उघडी राहील हे दंडाच्या मालकाला ठरवता येत नाही.

आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे आपल्या म्हशीच्या कानातला पिवळा बिल्लाच की रे!’ त्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात आणि आईच्या आधार कार्डावरही बाराच, हे तिने स्वतःच मोजून सांगितले. त्यावर मी तिला म्हटले की राबून झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानातल्या यंत्राला लागत नाहीत, तिथे चिप बरी पडेल. ‘म्हशीला कोणी विचारून बिल्ला मारला का?’ एवढेच ती म्हणाली.

हा संमतीचा प्रश्न अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने लवकर ओळखला होता. कोणालाही चिप बसवून घेण्याची सक्ती करता येणार नाही, असा कायदा तिथे २००६ मध्येच झाला. त्याच राज्यातल्या रिव्हर फॉल्स गावी थ्री स्क्वेअर मार्केट या कंपनीच्या सुमारे ५० कर्मचाऱ्यांनी १ ऑगस्ट २०१७ रोजी स्वेच्छेने चिप बसवून घेतली. कायद्याला सक्ती दिसते. साहेब, छायाचित्रकार आणि रांगेत उभे असलेले सगळे सहकारी यांच्यासमोर ‘मला नको’ म्हणणाऱ्याची पंचाईत त्याला दिसत नाही. कार्ड मी रविवारी ड्रॉवरमध्ये टाकतो आणि माझा त्या कार्यालयाशी संबंध सोमवारपर्यंत संपतो. चिपच्या बाबतीत तसे करता येत नाही, आणि माझ्या मते नोकरीसाठी, शाळेसाठी किंवा सरकारी ओळखीसाठी चिप नाकारायला एवढे एक कारण पुरे आहे.

हौस म्हणून घेणाऱ्याला मी अडवणार नाही, पण आधी याच जातीची चिप असलेली अंगठी घ्या आणि सहा महिने वापरून पाहा. काढून टाकण्याचे मी विचारून ठेवले आहे: जागा बधिर करून छोटासा छेद द्यावा लागतो, फार तर एखादा टाका. मी अजून गेलो नाही, कारण ती दुखत नाही, आणि खरे सांगायचे तर थोडा आळसही आहे. २०२३ पासून इथे मांजरांनाही ओळखीची खूण (चिप किंवा गोंदण) सक्तीची झाली, तेव्हा आमच्या मनीला चिपसाठी घेऊन गेलो असताना डॉक्टरीणबाईंनी तिची चिप वाचून झाल्यावर गमतीने तोच रीडर माझ्या हातावर फिरवला. मनीची चिप वेगळ्या लहरींवर चालते. तिचे पंधरा आकडे तत्काळ उमटले होते. माझ्या हातावर यंत्र गप्प राहिले.

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक बसवणाऱ्या मुलीच्या सफाईचा, आणि दुसरा आमच्या इमारतीतल्या सामायिक धुलाईखोलीच्या दाराचा, कारण माझा हात आता फक्त तेच दार उघडतो. दोन्ही हातांत कपड्यांची टोपली असताना मूठ रीडरला टेकवून आत शिरण्यात खरोखर सोय आहे. सोसायटीने गेल्या आठवड्यात जिन्यात सूचना लावली आहे की उन्हाळ्यानंतर सगळे रीडर बदलणार आहेत.