लिम्फॅटिक ड्रेनेजच्या नावाखाली ५९,८८० रुपये

आईच्या सुजलेल्या हाताच्या मसाजपायी एकूण ५९,८८० रुपये गेले. नातेवाइकांना मी "तीसेक हजार" सांगितलंय, खरा आकडा पहिल्यांदा इथेच लिहितेय. नोंदणी १,५००, वीस सिटिंगचं पॅकेज ३६,०००, त्यासाठी काढलेल्या कर्जाची प्रोसेसिंग फी १,१८०, 'मेडिकेटेड' तेल २,४००, हाताची स्लीव्ह ६,८०० आणि घरी न्यायच्या हवेच्या पंपाचं डिपॉझिट १२,०००. पंप आलाच नाही. नंतर झालेलं हॉस्पिटलचं २७,३५० चं बिल यात धरलेलं नाही.

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. काही महिन्यांनी डावा हात जड वाटायला लागला, अंगठी निघेना, बांगडी रुतायला लागली. सर्जननी लिम्फिडिमा आहे, म्हणजे काखेतल्या गाठी काढल्यावर हातात पाणी साचून येणारी सूज, म्हणून सांगितलं, फिजिओथेरपी सुरू करा म्हणाले. आमचं हॉस्पिटल मुंबईत. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, मी बँकेत कॅश काउंटरला आणि आईच्या केमोतच सगळ्या रजा संपलेल्या. "मुंबईलाच न्यायचं होतं" असं आता म्हणणारे तेव्हा एकदाही सोबत आले नव्हते.

मोबाइलवर एक जाहिरात दिसली, फॉर्ममध्ये नंबर टाकला, अर्ध्या तासात फोन. "ताई, काकूंचा हात किती दिवसांपासून सुजलाय? बरं झालं वेळेत आलात." सेंटर आमच्याच शहरात, रिक्षाने दहा मिनिटांवर. पांढरा ॲप्रन, एसी, भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकिटं. नाव लिहीत नाहीये, केस चालू आहे आणि वकिलांनी बजावलंय.

लिम्फॅटिक ड्रेनेज, म्हणजे हलक्या मसाजने साचलेलं पाणी वाटेला लावायचा उपचार, खोटा नाही, हे मात्र आधी सांगते. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात तो बसवला आणि कॅन्सर ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी तो चांगल्या हॉस्पिटलांत देतात. सेंटरच्या भिंतीवरही व्होडरांचा फोटो होता. मी घरी येऊन नाव शोधलं तर सगळं खरं निघालं. मग माणूस विश्वास कसा नाही ठेवणार? फोटोतल्या माणसाची पद्धत समोरच्या बाईला येते का, हे कुठे शोधणार होते?

आता हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टकडून जे कळलं ते लिहिते. खऱ्या ड्रेनेजमध्ये तेल नसतं. हात इतका हलका लागतो की पहिल्यांदा घेणाऱ्याला वाटतं, ही बाई काही करतेय की नाही. सुजलेल्या हाताला लगेच हात घालत नाहीत, आधी मान, मग चांगल्या बाजूची काख, म्हणजे पाणी जायला वाट मोकळी करतात, आणि हात त्यानंतर. नुसत्या मसाजवर भागतही नाही, थरांचं बँडेज किंवा मापाची स्लीव्ह, व्यायाम आणि त्वचेची काळजी हे सगळं सोबत लागतं.

आईला काय मिळालं? तेल चोपडून मनगटापासून काखेपर्यंत कणीक तिंबल्यासारखं मळणं. आई कळवळली की, "काकू, दुखतंय म्हणजे अडकलेलं सुटतंय." दुखलं तर उठा आणि घरी या. पैशाचं नंतर बघा.

पण माझा जळफळाट होतो तो टेपवरून. दर सिटिंगआधी ती बाई हात मोजायची आणि कार्डवर लिहायची. ३४ सेंटीमीटर, मग ३३, मग ३१.५. आई खूश, मी खूश. त्याच आठवड्यात रात्री मी आईच्या ब्लाउजची डावी बाही उसवत बसले होते, कारण ती दंडात जाईना. उजवी तशीच ठेवली, डावीची शिवण सोडून आतलं कापड बाहेर घेतलं. कार्डवर हात अडीच सेंटीमीटरने उतरलेला आणि माझ्या मांडीवर उसवलेली बाही! दोन्ही एकाच घरात, एकाच आठवड्यात. दिवसभर नोटा मोजणारी बाई मी, दहा रुपयांचा फरक आला तर घरी जात नाही, आणि हा फरक मला दिसला नाही. दिसला नाही असंही नाही. आईने विचारलं, "बाही का गं घट्ट होतेय?" मी म्हटलं, धुऊन आटली असेल. कॉटन होतं ना. ब्लाउज चार वर्षं जुना होता, आटायचा तेवढा कधीच आटला होता.

युक्ती साधी होती. पहिल्यांदा टेप कोपराच्या बरीच वर लावली, नंतर दर वेळी थोडी खाली सरकवली. दंड खाली निमुळताच होत जातो. मोजायचं तर कोपरापासून अंतर ठरवून पेनने खूण करा, दर वेळी त्याच खुणेवर मोजा, दुसरा हातही मोजा, आणि टेप तुमची वापरा.

मग एका संध्याकाळी आईला थंडी वाजून ताप आला. हात लालबुंद, तापलेला. सेंटरला फोन केला तर, "टॉक्सिन बाहेर पडतायत, रिॲक्शन येतेच, उद्या आणा, शेक देऊ." आणि नेलं मी. त्यांनी त्या हाताला गरम पिशवी ठेवली आणि वरून चोळलं. रात्री आईला भ्रम व्हायला लागला तेव्हा ॲडमिट केलं. सेल्युलायटिस, त्वचेखालचा जंतुसंसर्ग. शिरेतून अँटिबायोटिक. ड्यूटीवरचे डॉक्टर मला म्हणाले, "इन्फेक्शनमध्ये मसाज करायचा नसतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" सांगणारेच मसाज करत होते, डॉक्टर. हात लाल आणि गरम झाला की कुणालाही हात लावू देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर. पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणं असेल तरी तेच, तिथे रक्ताची गुठळी असू शकते.

पैसे परत मागितले. आधी "सर मीटिंगमध्ये", मग फोन बंद, मग शटर. कर्जाचे हप्ते मात्र ६,००० प्रमाणे माझ्या खात्यातून जातच राहिले. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून काउंटरवरच फोन घेऊन, ओटीपी घेऊन केलेलं कर्ज ते. लोकांना ओटीपी देऊ नका म्हणून सांगणारी मी! पण ओटीपी अनोळखी माणसाने फोनवर मागितला नव्हता, समोर बसून, पावती देऊन मागितला होता. फरक आहे की नाही? असं कर्ज घेतलंच तर 'कूलिंग ऑफ'ची मुदत वाचा. तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि झालेल्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय ते मोडता येतं.

आता आपली यंत्रणा. चौकीत साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः पैसे दिलेत, सेवाही घेतलीत, हे दिवाणी प्रकरण. ग्राहक आयोगात जा." सायबरवाले म्हणाले, दुकान खरं होतं ना, मग हे सायबर कसं? महापालिकेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, शेवटी उत्तर असं की मसाज म्हणजे वैद्यकीय व्यवसाय नाही. मग भिंतीवर 'क्लिनिक' कसं लिहिलं होतं? ते बोर्डचं खातं वेगळं. आणि कळस उपचार करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या एका कार्यालयात झाला. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की ती बाई आमच्याकडे नोंदणीकृत नाही, त्यामुळे कारवाई करता येत नाही. नोंदणीकृत असती तर केली असती! म्हणजे शिकलेल्याने चूक केली तर शिक्षा, न शिकलेल्याने हात सडवला तरी मोकळा. मी तिथेच मोठ्याने हसले, शिपायाने बाहेर काढलं.

कर्ज कंपनीचा जबाब वेगळाच. त्यांच्याकडे सेंटरने हजेरीपत्रक पाठवलंय, वीसच्या वीस सिटिंग पूर्ण, आईच्या सह्यांसकट. पहिल्याच दिवशी "काकू, रोज पेन शोधायला नको" म्हणून रिकाम्या रकान्यांत सगळ्या सह्या घेतल्या होत्या. तारखा नंतर भरल्या. त्यातल्या काही तारखांना आई सलाइन लावून वॉर्डात पडलेली होती आणि डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे आहे. ते घेऊन परत चौकीत गेले. साहेबांनी दोन्ही कागद पाहिले, "हो, हे चूक आहे" म्हणाले, आणि अर्जावर पोच दिली. एफआयआर नाही. पोच.

मेडिक्लेमनेही हात वर केले, कारण सेंटरच्या बिलावर 'वेलनेस सर्व्हिसेस' आणि नोंदणी क्रमांक कोरा. पैसे देण्याआधी बिलाचा नमुना मागा, फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक मागा, आणि पैसे सिटिंगगणिक द्या. 'कायमचा बरा करतो' म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका. लिम्फिडिमा आटोक्यात ठेवायचा असतो, हे खरा माणूस पहिल्याच दिवशी सांगतो.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. मी वकील घेतला कारण कर्ज कंपनीलाही पार्टी केलंय. दरम्यान तेच लोक नव्या नावाने, शहराच्या दुसऱ्या टोकाला सुरू झालेत. या वेळी जाहिरातीत गुडघा बदललेले आणि लायपोसक्शनवाले, म्हणजे चरबी काढून घेतलेले, पेशंट आहेत. तुमच्याकडे 'वेलनेस सर्व्हिसेस'ची पावती किंवा टेपच्या आकड्यांचं कार्ड असेल तर फाडू नका. आयोगात एकापेक्षा जास्त ग्राहकांना मिळून तक्रार करता येते.