नाताळची गिफ्ट कार्डं: आधी कोणतं खर्चावं, कोणतं राखून ठेवावं?

नाताळ सरला की भेटींचे दोन ढीग होतात. एकातल्या वस्तू वापरात आलेल्या असतात. दुसऱ्या ढिगातली भेट अजून व्हायचीच असते: मावशीनं दिलेलं कपड्यांच्या दुकानाचं कार्ड, भावानं ईमेलवर पाठवलेला कोड, आजीआजोबांनी पाकिटात घालून दिलेलं कुठंही चालणारं कार्ड. यातलं कोणतं कधी आणि कशावर खर्च करायचं, हे ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगते: कुठंही चालणारं कार्ड सगळ्यांत आधी संपवावं, दुकानाचं त्यानंतर लवकरच, आणि एखादं राखून ठेवायचंच असेल तर ते कशासाठी हे आजच ठरवावं.

दुकानाचं कार्ड आणि कुठंही चालणारं कार्ड

दिसायला दोन्ही सारखीच, पण व्यवहार वेगळा. दुकानाच्या कार्डात पैसे त्या दुकानाकडे आधीच जमा झालेले असतात आणि दुकान तुमचं देणं लागतं. खरेदी तिथंच करावी लागते, पण वापर सोपा असतो. अर्धी रक्कम खर्च केली तर उरलेली निमूटपणे कार्डावर राहते. किंमत जास्त झाली तर वरचे पैसे रोखीनं किंवा स्वतःच्या कार्डानं देता येतात, काउंटरवर कोणी हरकत घेत नाही.

व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यावर चालणारं कार्ड मोकळं वाटतं, कारण दुकान तुम्ही निवडता. पण या मोकळेपणाला काही अटी चिकटलेल्या असतात. काही कार्डांवर बराच काळ व्यवहार झाला नाही की दरमहा शुल्क कापायला सुरुवात होते. अमेरिकेत २०१० पासून लागू असलेल्या नियमांनुसार असं शुल्क १२ महिने कार्ड न वापरल्यावरच आकारता येतं, तेही महिन्यातून एकदाच, आणि ते कार्डावर छापावं लागतं. इतरत्र नियम वेगळे आहेत, म्हणून कार्डाच्या मागचा बारीक मजकूर वाचणं भाग आहे.

दुसरी अडचण शेवटच्या रकमेची. अनेक संकेतस्थळं एका खरेदीचे पैसे दोन बँक कार्डांत विभागून घेत नाहीत. कार्डावर थोडीशी रक्कम उरते, ती कोणत्याच वस्तूच्या किमतीशी जुळत नाही आणि कार्ड पडून राहतं. याला एक चांगला तोडगा आहे. तुम्ही नेहमी जिथं खरेदी करता त्या दुकानाचं ई-गिफ्ट कार्ड नेमकं तेवढ्याच रकमेचं विकत घ्या, म्हणजे उरलेला पैसा तिथल्या खात्यात जाऊन बसतो. सगळी दुकानं हवी ती रक्कम टाकू देत नाहीत, पण देत असतील तर एक पैसाही वाया जात नाही.

हॉटेलच्या खोलीसाठी किंवा भाड्याच्या गाडीसाठी मात्र ही कार्डं देऊ नयेत. तिथं बिलापेक्षा जास्त रक्कम काही दिवस अडकवून ठेवतात. साध्या बँक खात्यात ती चालून जाते, पण मोजक्या रकमेच्या कार्डावर व्यवहारच नाकारला जातो.

म्हणजे जे कार्ड सर्वांत लवचिक, त्याचीच किंमत नुसतं ठेवल्यानं घटण्याची शक्यता जास्त. आपण करतो नेमकं उलट. दुकानाचं कार्ड लगेच वापरतो आणि हे ‘कधीही, कुठंही चालेल’ म्हणून मागे ठेवतो. क्रम बदलायला हवा.

दुकानाच्या कार्डाचा मोठा धोका वेगळा आहे. दुकानच बुडालं तर तुमचं नाव, ज्यांचे पैसे दुकानाकडे अडकलेत त्यांच्या रांगेत लागतं, आणि तिथं बँका तुमच्या पुढे असतात. हे नाताळनंतरच्या आठवड्यांतच घडल्याची उदाहरणं आहेत, कारण डबघाईला आलेली दुकानं सणाच्या विक्रीवर शेवटची आशा ठेवून असतात. ब्रिटनमधल्या एचएमव्ही या संगीत आणि चित्रपटांच्या दुकानसाखळीनं जानेवारी २०१३ मध्ये हात टेकले, तेव्हा लोकांच्या हातात नुकतीच भेट मिळालेली कार्डं होती आणि ती घेणं बंद झालं. बराच संताप झाल्यावर काही दिवसांनी ती पुन्हा चालू केली. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०१६ मध्ये डिक स्मिथ या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तिथंही कार्डं नाकारली गेली. अमेरिकेतल्या शार्पर इमेज या दुकानसाखळीनं २००८ मध्ये आधी कार्डं थांबवली, मग कार्डाच्या दुप्पट रकमेची खरेदी करणाऱ्यांनाच ती वापरू दिली. एखादं दुकान शाखा बंद करतंय, माल रिकामा करतंय अशा बातम्या कानावर आल्या असतील, तर त्याचं कार्ड या आठवड्यातच वापरा.

आत्ता की नंतर

खरा प्रश्न इथं आहे. आत्ता खर्च करण्याच्या बाजूनं पहिला मुद्दा सवलतीचा. २६ डिसेंबरपासून पुढचे काही आठवडे अनेक दुकानं सणाचा उरलेला माल कमी किमतीत काढतात. कार्ड हे पैसे देण्याचं साधन असल्यानं ते सवलतीच्या किमतीलाही चालतं आणि बहुतेक ठिकाणी वेगळ्या कूपनसोबतही. त्यामुळे तेवढ्याच कार्डात जास्त वस्तू येतात. विरुद्ध बाजूला, या दिवसांत नेमके माप, रंग आणि मॉडेल संपलेले असतात. सवलत आहे म्हणून आपल्याला न बसणारा कोट घेण्यात काहीच बचत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. सुझान शू आणि युरी ग्नीझी या संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पेस्ट्रीच्या एका दुकानाची कुपनं वाटली, काहींना तीन आठवड्यांच्या मुदतीची, काहींना दोन महिन्यांच्या. आपण कूपन वापरू अशी खात्री लांब मुदतवाल्यांना जास्त होती. प्रत्यक्षात कमी मुदतवाल्यांपैकी ३१ टक्क्यांनी ते वापरलं, तर लांब मुदतवाल्यांपैकी फक्त ६ टक्क्यांनी. आनंदाची गोष्टही माणूस पुढे ढकलतो, आणि हातात जितका वेळ जास्त तितकी जास्त ढकलतो.

गिफ्ट कार्डांच्या कायद्याकडे या नजरेनं पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. अमेरिकेत कार्डातली रक्कम किमान ५ वर्षं बुडत नाही. आयर्लंडमध्ये डिसेंबर २०१९ पासून ५ वर्षांचीच किमान मुदत आहे, तर ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ पासून ३ वर्षांची. भारतात रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येणाऱ्या प्रीपेड कार्डांना किमान १ वर्षाची मुदत द्यावी लागते, पण एखाद्या दुकानानं फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेलं कार्ड त्या नियमांच्या बाहेर राहतं. हे कायदे ग्राहकाच्या हिताचे आहेत आणि ते असायलाच हवेत. पण लांब मुदत आपल्याला निश्चिंत करते, आणि निश्चिंत माणूस कार्ड विसरतो. वापरली न गेलेली रक्कम दुकानाकडेच असते, आणि जी कधीच वापरली जाणार नाही असा दुकानाचा अंदाज असतो ती हिशेबाच्या नियमांप्रमाणे त्याच्या उत्पन्नात धरता येते. कार्डावरचा आकडा तोच राहतो, वस्तूंच्या किमती मात्र वाढतात, ही गोष्ट वेगळीच.

तरीही थांबणं योग्य ठरतं अशा काही परिस्थिती आहेत. एकाच दुकानाची दोन-तीन कार्डं वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आली असतील आणि ती मिळून एखादी मोठी वस्तू होत असेल, तर चार किरकोळ वस्तू घेण्यापेक्षा थांबणं बरं. पुढच्या ऋतूचे बूट, जूनमध्ये लागणारं शाळेचं दप्तर, ठरलेल्या सहलीसाठी बॅग, अशी वस्तू आणि तिची वेळ दोन्ही माहीत असतील तरी थांबा. अशा वेळी वस्तूचं नाव आणि महिना कार्डावरच चिकटपट्टी लावून लिहा, फोनमध्ये आठवण लावा. ज्या कार्डाला वस्तूचं नाव मिळत नाही, ते ‘नंतर’च्या खात्यात टाकू नका. मी त्यासाठी फेब्रुवारीअखेर ही मर्यादा ठेवते.

सेलमध्ये लगेच जाणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. कार्डाच्या रकमेपेक्षा जास्त खर्च व्हावा ही दुकानाची अपेक्षा असतेच, आणि भेटीच्या पैशांत वरून थोडे घातले की हरकत काय, असं आपल्यालाही वाटतं. घरून निघताना वस्तू ठरवून निघालं आणि वर किती घालायचे तेही ठरवलं, तर हा प्रश्न उरत नाही.

गरज की हौस

जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाचा १९९३ मधला नाताळच्या भेटींवरचा शोधनिबंध बराच गाजला. विद्यार्थ्यांना मिळालेल्या वस्तूंची त्यांच्या स्वतःच्या लेखी किंमत किती, हे त्यानं विचारलं आणि भेटीच्या किमतीचा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो असा अंदाज मांडला. घेणाऱ्याची आवड देणाऱ्याला नेमकी माहीत नसते, म्हणून. काकाआत्यांना भाच्याचं माप ठाऊक नसतं, आवडती गेम कोणती तेही नसतं. म्हणून ते कार्ड देतात, आणि त्यात निष्काळजीपणा नसतो. निवड तुझी तू कर, असं विश्वासानं सांगणं असतं.

मग ती निवड कशी करावी? घरात ओढाताण असेल तर कार्ड किराण्यावर, औषधांवर, मुलांच्या कपड्यांवर खर्च करायला अजिबात संकोच नको. ज्यानं दिलं त्याला तुमची अडचण कमी झाल्याचा आनंदच होईल. पण तशी वेळ नसेल, तर नेहमीच्या सामानात कार्ड मुरवून टाकू नये असं मला मनापासून वाटतं. महिन्याच्या बिलातले थोडे पैसे वाचतात, पण आत्यानं आपल्याला काय दिलं याचं उत्तर कायमचं हरवतं. त्यापेक्षा जी वस्तू घ्यावी की नको यावर आपण नेहमी अडखळतो, ती घ्यावी. चांगलं पेन, जाड आवृत्तीचं पुस्तक, स्वयंपाकघरातली धारदार सुरी. रोज हाताळली जाणारी वस्तू असली तर उत्तम.

दुकानाचं कार्ड इथंही आपल्याला वळवतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की विशिष्ट ब्रँडचं कार्ड हातात असलं की माणसं त्या ब्रँडची ओळख असलेलीच वस्तू उचलतात. जीन्ससाठी प्रसिद्ध असलेल्या दुकानाचं कार्ड असेल तर जीन्सच, स्वेटर हवा असला तरी. म्हणून दुकानात शिरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर सगळे विभाग चाळून पाहा. खेळाच्या दुकानात पाण्याची बाटली असते, पुस्तकांच्या दुकानात वह्या आणि दिवे असतात.

मुलांना मिळालेल्या कार्डाबाबत एवढंच: निवड त्यांना करू द्या. शिल्लक किती, वस्तू कितीची, फरक कुठून येणार, हा हिशेब त्यांना स्वतः करू देणं ही कार्डाची सगळ्यांत चांगली बाजू आहे.

नकोच असलेलं कार्ड

इथं पर्याय तीन. घरातल्या घरात अदलाबदल केली तर पूर्ण किंमत मिळते आणि धोका शून्य. जुन्या कार्डांची खरेदी करणाऱ्या सेवांना विकलं तर छापील रकमेपेक्षा कमी मिळतं. अनोळखी माणसाला परस्पर विकणं मी टाळायलाच सांगेन, कारण कोड एकदा दिला की तो कोणी वापरला हे सिद्ध करणं कठीण जातं. तिसरा पर्याय फार कमी लोकांना सुचतो, पण मला तो सर्वांत आवडतो. वर्षभरात ज्या वाढदिवसांच्या भेटी तुम्ही घेणारच होतात, त्या या कार्डातून घ्या आणि तेवढे स्वतःचे पैसे बाजूला काढा. कार्ड संपतं, रोख हातात राहते, आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशीची धावपळ वाचते.

खर्च करण्याआधी आणि नंतर

कार्ड मिळाल्याच्या आठवड्यातच शिल्लक तपासा. विक्रीच्या वेळी कार्ड सुरूच झालेलं नसणं किंवा पिनवरची पट्टी खरवडून कोणी आधीच रक्कम काढलेली असणं, दोन्ही घडतं. अशा वेळी देणाऱ्याकडची पावती लागते, आणि ती त्याच्याकडे मार्चपर्यंत राहीलच असं नाही. शिल्लक पाहण्यासाठी कार्डामागे छापलेला पत्ताच वापरा. शोधात वर येणाऱ्या कोणत्याही पानावर नंबर टाकू नका. फोन करून कोणी दंड, कर किंवा थकबाकी गिफ्ट कार्डानं भरायला सांगितली, तर ती फसवणूकच असते.

खरेदी झाली की देणाऱ्याला वस्तूचा फोटो पाठवा आणि ती का निवडली हे एका वाक्यात लिहा. पाकीट देताना आजीआजोबांना जे पाहता आलं नव्हतं ते त्यांना पाहायला मिळतं, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला काय आवडतं याचा थोडा अंदाजही येतो.

रिकामं झालेलं कार्ड मात्र लगेच फेकू नका. वस्तू परत केली तर बरीच दुकानं पैसे त्याच कार्डावर जमा करतात, आणि ते हाताशी नसेल तर काउंटरवर उगाच खोळंबा होतो. परतीची मुदत संपेपर्यंत ते पावतीला टाचून ठेवा.