नॅनो झेडएसएम-५ करावं की हायरार्किकल? तालुक्याच्या लॅबमधून सांगतो

प्रोजेक्टला झेडएसएम-५ (बारीक छिद्रांचा झिओलाइट, कॅटॅलिस्ट म्हणून वापरतात तो) घ्यायचं ठरलं की पोरं लगेच विचारतात, सर नॅनो बनवू का हायरार्किकल? मी दोन्ही करून पाह्यलेत, तेही अशा कॉलेजात जिथे लाइनीचा भरोसा नाही, त्यामुळे मोठ्या इन्स्टिट्यूटवाल्यांना माझं मत पटेलच असं नाही.

दुखणं दोघांचं एकच. छिद्र जेमतेम ०.५५ नॅनोमीटरचं, मॉलिक्यूल आतबाहेर करताना रखडतो आणि कोक, म्हणजे कार्बनचा थर, साचतो. नॅनोवाला क्रिस्टलच १०० नॅनोमीटरच्या खाली आणतो, हायरार्किकलवाला क्रिस्टल मोठा ठेवून त्यात मेसोपोअरचे, म्हणजे जरा मोठ्या छिद्रांचे, रस्ते पाडतो.

नॅनो बनवणं अवघड नाही. टीपीएओएच (छिद्रांना साचा देणारं रसायन) महाग पडतं हे खरं, पण क्लिअर सोल्यूशन, म्हणजे सुरुवातीचं पारदर्शक मिश्रण, नीट जमलं तर ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या भांड्यातून) निळसर झाक असलेलं दुधासारखं पाणी निघतं, पाहूनच बरं वाटतं. खरा त्रास पुढं आहे, धुण्यात. साध्या फिल्टर पेपरवर ओता, सगळं दूध खाली. ०.२ मायक्रॉनची मेम्ब्रेन लावा, ती चोंदते. आमचा सेंट्रिफ्यूज ४००० आरपीएमचा, वरचं पाणी पांढरंच राहते, आणि गंमत अशी की जसजसं धुवाल तसतसे क्षार कमी होतात, कण एकमेकांना जास्त ढकलतात आणि खाली बसायचं नावच घेत नाहीत. थोडं अमोनियम नायट्रेट टाकलं की गुठळ्या धरून बसतात, पण मग त्या गुठळ्याच ओव्हनमध्ये वाळून काचेसारख्या कडक होतात. ५५० अंशांवर भाजल्यावर कण आणखी चिकटतात. एवढा खर्च करून बारीक केलेलं हातात येईपर्यंत ढेकळं, इथंच माझं मन फिरलं.

हायरार्किकलसाठी मी डीसिलिकेशन करतो, म्हणजे अल्कलीनं थोडं सिलिकॉन विरघळवून रस्ते पाडतो, त्यात ही कटकट नाही. बाजारातलं झेडएसएम-५ घ्या, ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक), ६५ अंश, अर्धा तास, लगेच बर्फात, मग बुकनर फनेलवर (व्हॅक्यूमनं ओढणाऱ्या गाळण्यावर) ओता, झालं. नंतर सोडियम काढायला अमोनियम नायट्रेटनं आयन एक्स्चेंज आणि मग भाजणं, भाजणं तर दोन्हीकडे लागतंच. फक्त सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं गुणोत्तर २५ ते ५० मध्ये पाहिजे, फार कमी असलं तर ॲल्युमिनियम सिलिकॉनला सुटू देत नाही आणि फार जास्त असलं तर क्रिस्टल नुसता विरघळत जातो. माल घटतो, मायक्रोपोअरही (मूळची बारीक छिद्रं) थोडे जातात, ते मान्यच करावं लागते. बाहेर सांडलेलं ॲल्युमिनियम पातळ ॲसिडनं धुतलं तर बरं.

कॅटॅलिसिसमध्ये म्हणाल तर नॅनोला कमी लेखत नाही. मिथेनॉलपासून हायड्रोकार्बन करताना वाट जितकी आखूड तितका कॅटॅलिस्ट जास्त टिकतो, कोरियात ऱ्यू यांच्या गटानं २००९ मध्ये २ नॅनोमीटर जाडीच्या शीट काढून हेच दाखवलं. पण आमच्या ओलिक ॲसिडच्या (तेलातलं फॅटी ॲसिड) एस्टरिफिकेशनला डीसिलिकेटेड नमुना मला तरी नॅनोच्या बरोबरीनं चालल्यासारखा वाटला, आणि फिल्टर करून पुन्हा वापरता आला हे जास्त महत्त्वाचं. नॅनोचं रिॲक्शननंतरही तेच रडगाणं, कॅटॅलिस्ट तेलातून काढता काढता अर्धा हरवतो. पॅरा-झायलीनची सिलेक्टिव्हिटी, म्हणजे झायलीनच्या प्रकारांपैकी पॅराच जास्त, हवी असेल तर मात्र दोन्ही सोडा, बाहेरचा पृष्ठभाग वाढला की ती घसरते, तिथं मोठा क्रिस्टलच बरा.

आणि भंडारा-गोंदियाकडच्या पोरांना राइस मिलच्या तुसाची राख फुकटात मिळते, तिच्यातून कॉस्टिकनं सिलिका काढली तर सोबत सोडियम येतं, ते नॅनोच्या क्लिअर सोल्यूशनला मानवत नाही, कण लगेच गोळा होतात. त्याच सिलिकेचं साधं झेडएसएम-५ करून मग डीसिलिकेट करायला काही अडत नाही. जवळपास हायस्पीड सेंट्रिफ्यूज असेल आणि तिथं हक्कानं जाता येत असेल तर नॅनो जरूर करा, नसेल तर मी तरी बुकनरवालीच वाट सांगीन.