किल्ल्यावरच्या श्रमदानासाठी ट्रेलो घ्यावं की गूगल शीटच बरी?

गडसंवर्धनाची टीम चालवणारे ओळखीतले लोक हल्ली हाच प्रश्न विचारतायत, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. दोन्ही वापरून झालंय. (ट्रेलो म्हणजे टीमची कामं वाटून घ्यायचं ॲप: एका बोर्डावर याद्या, यादीत कामांची कार्डं, काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या यादीत सरकवायचं.) माझं मत एकाच टीमवरून बनलेलं आहे हे आधीच सांगतो, तुमच्याकडे वेगळं चित्र असू शकतं.

नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भागत नाही हे तुम्हाला कळलेलंच असणार, नाहीतर तुम्ही ॲप शोधत बसला नसता. "पहारी कोण आणतंय?" असं विचारलं की खाली अंगठ्यांची रांग लागते आणि रविवारी पायथ्याला बघावं तर पहार एकच. मेसेज पिन करून ठेवावा तर एका वेळी तीनच पिन होतात आणि तेही जास्तीत जास्त 30 दिवस, आपलं एक परवानगीचं पत्र त्याच्यापेक्षा जास्त दिवस टेबलावर पडून असतं.

बाकीचे पर्याय पटकन सांगतो. गूगल टास्क्समध्ये साध्या जीमेल खात्यावरून यादी दुसऱ्याला शेअरच करता येत नाही, विषय संपला. गूगल कीप, म्हणजे नोंदी ठेवायचं ॲप, शेअर होतं, पण कुठलं काम कोणाच्या गळ्यात हे कळत नाही, किराण्याच्या यादीला ठीक. मायक्रोसॉफ्ट टू डू तसं छान आहे, जुन्या वंडरलिस्टचं ते पुढचं रूप, फक्त प्रत्येकाला मायक्रोसॉफ्टचं खातं काढायला लावायचं माझ्या जिवावर येतं. आसनामध्ये एका कामाला एकच मालक असतो आणि ही गोष्ट मला खरंच पटते, पण फुकटात किती माणसं बसवायची याचा आकडा पूर्वी 15 होता तो नंतर खाली आणलाय, शिवाय उघडलं की ऑफिसात आल्यासारखं वाटतं, रविवारी कोणाला पाहिजे ते. क्लिकअपमध्ये फुकटात कितीही माणसं चालतात पण बटणं एवढी की आमच्या टीममधले काका ते बघूनच "तुम्हीच भरा रे" म्हणाले. म्हणजे खरी लढत शीट आणि ट्रेलोचीच.

शीटची बाजू आधी घेतो कारण ती खरंच भक्कम आहे. लिंक टाकली की झालं, इन्व्हाइट नाही, पासवर्ड आठवा नाही. आपल्या टीममध्ये असे कितीतरी लोक असतात ज्यांचं जीमेल मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिलंय आणि पासवर्ड त्या दुकानदारालाच माहीत, अशा माणसालाही अँड्रॉइडवर शीट उघडते कारण खातं फोनमध्ये आधीच बसलेलं असतं. माणसांची मर्यादा आपल्यासारख्यांना जाणवत नाही. चेकबॉक्स आहेत, ड्रॉपडाउन आहे, कोणी काही उडवलं तर वर्जन हिस्टरीतून मागचं परत आणता येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कोणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे तुमची सात-आठ कामं आणि एखाददुसरी मोहीम असेल तर पुढचं वाचू नका, शीट करा आणि कामाला लागा.

आमचं मन जिथे बदललं ती गोष्ट ऐकायला फार छोटी आहे. फिल्टर.

शीटमध्ये साधा फिल्टर लावला की तो सगळ्यांच्या स्क्रीनवर लागतो. म्हणजे कोणीतरी शनिवारी रात्री स्वतःचं नाव निवडून आपली कामं बघतो, बघून झालं की फोन खिशात, फिल्टर तसाच, सामायिक कपाटाला स्वतःचं कुलूप ठोकून गेल्यासारखं. सकाळी बाकीच्यांनी उघडलं की तीनच ओळी. मग फोन सुरू, "दादा, यादी उडाली का?" उडाली काही नसते, लपलेली असते, पण हे ओळीचे आकडे मधूनच गळालेत ते बघून ओळखायचं असतं आणि ते फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर कोण बघणार. एकदा तर एका उत्साही ताईंनी खरंच यादी गेली समजून आठवणीतून नवीन शीट बनवली, ग्रुपवर टाकली, अर्धे लोक नव्या शीटमध्ये टिक करतायत अर्धे जुन्या, आणि टाक्यातला गाळ उपसायला लागणारे दोर दोन्हीकडे "दुसऱ्या कोणाकडे तरी" होते. यात शीटचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, फिल्टर असाच चालतो. फिल्टर व्ह्यू म्हणून सोय आहे ज्यात प्रत्येकाला आपापलं वेगळं बघता येतं, पण ती मुद्दाम शिकवावी लागते आणि घाईतला माणूस समोर दिसेल तेच बटण दाबतो. बाकीच्यांना फक्त बघायची परवानगी देऊन बघितली, मग टिक कोण करणार, परत सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर.

ट्रेलोत हा प्रकार होत नाही. तुम्ही तुमच्यापुरता फिल्टर लावा, दुसऱ्याच्या बोर्डाला काही होत नाही. कार्ड थेट डिलीटही होत नाही, आधी अर्काइव्ह करावं लागतं, त्यामुळे चुकून अंगठा लागून काम गायब असं सहसा घडत नाही, आणि कोणी कुठून कुठे सरकवलं ते कार्डात खाली लिहिलेलं दिसतं (भांडणं मिटवायला बरं पडतं). तारीख टाकली तर ज्याचं नाव कार्डावर आहे त्याला आठवण जाते, शीट तसं स्वतःहून करत नाही, त्यासाठी ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिणारा कोणी पाहिजे आणि असा माणूस पुढच्या वर्षी परदेशी जातो.

पण मला जास्त उपयोग झाला तो याद्यांचा. आमच्या बोर्डावर चार याद्या आहेत, करायचंय, चालू आहे, अडकलंय, झालं. त्यातली "अडकलंय" ही सोन्यासारखी आहे. गडाचं काम म्हणजे निम्मं वाट बघणं. किल्ला राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पत्र, केंद्राकडे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, वाट किंवा माथा वनखात्याच्या जागेत असेल तर तिकडे वेगळं, आणि परवानगी असल्याशिवाय एक दगड हलवायचा नाही. शीटमध्येही "अडकलंय" असा ड्रॉपडाउन ठेवता येतोच की, पण तो चाळीस ओळींत कुठेतरी दडलेला असतो, इथे अडकलेली कार्डं एकाखाली एक उभी राहून तुमच्याकडे बघत बसतात.

आता ट्रेलोचं दुखणं. 2017 मध्ये ॲटलॅशियनने ते विकत घेतलं, आणि 2024 पासून फुकट वर्कस्पेसमध्ये (टीमचे बोर्ड जिथे एकत्र राहतात ती जागा) 10 माणसांचीच मर्यादा आली. त्यात बोर्डावरचे पाहुणे, म्हणजे फक्त एखाद्या बोर्डापुरते घेतलेले लोकही मोजतात आणि पाठवलेलं पण न स्वीकारलेलं इन्व्हाइटसुद्धा मोजतात. म्हणजे मेल कधीच न उघडणारा तुमचा मित्र एक खुर्ची अडवून बसतो. मर्यादा ओलांडली तर बोर्ड नुसता बघायचा उरतो, बदल करता येत नाहीत. म्हणून इन्व्हाइट पाठवायच्या आधी माणसाला फोन करा, तो समोर मेल उघडत असेल तेव्हाच पाठवा. आणि फुकटात चेकलिस्टच्या प्रत्येक ओळीला वेगळा माणूस लावता येत नाही, ते पैसेवाल्या प्लॅनमध्ये, आम्ही सरळ ओळीतच लिहितो, "घमेली 12, फावडी 6 – सागर". वाईट दिसतं, चालतं.

दहाची मर्यादा ऐकून बरेच जण इथेच शीटकडे वळतात आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही काय केलं की बोर्डावर फक्त गाभ्यातले आठ-नऊ जण घेतले, अवजारं, जेवण, गाड्या, परवानग्या, प्रथमोपचार असं ज्याच्याकडे एकेक खातं आहे ते. बाकी रविवारी येणाऱ्यांना ग्रुपवर बोर्डाचा स्क्रीनशॉट जातो, त्यांना तेवढंच हवं असतं. बोर्ड पब्लिक केला तर लॉगिनशिवाय कोणालाही दिसतो, ते करू नका, कार्डांमध्ये पायथ्याच्या गावातल्या लोकांचे फोन नंबर असतात.

गडावर रेंज नसते हा प्रश्न दोघांनाही आहे. ट्रेलोच्या ॲपमध्ये वर केलेलं टिक खाली उतरल्यावर जुळतं, शीट मात्र घरूनच ऑफलाइनसाठी खूण करून आणावी लागते, आणि ते नेमकं विसरतं.

तर टीममधले सगळेच सारख्या जबाबदारीचे असतील, वीस-पंचवीस जणांनी स्वतः टिक करणं गरजेचं असेल, तर शीट, फक्त फिल्टरचं बटण कोणाला दाखवू नका. पण जबाबदारी थोड्याच लोकांवर असेल आणि कामं महिनोन् महिने लटकत असतील, आणि गडाची कामं लटकतातच, तर एकदा ट्रेलो लावून बघा असं मी हळूच सुचवेन. हजेरी, वर्गणी आणि टी-शर्टचे साईज आमचे अजून शीटमध्येच आहेत, ते तिकडे न्यायचा प्रयत्नही करू नका, त्या शीटची लिंक बोर्डावरच्या पहिल्या कार्डात चिकटवून ठेवा.

आणि बदलायचं असेल तर पावसाळ्यात बदला. जून ते सप्टेंबर गडावर जड काम बंदच असतं, तेव्हा निवांत एक नमुन्याचं कार्ड बनवून ठेवा ज्यात मोहिमेची पूर्ण चेकलिस्ट असेल, ऑक्टोबरात ते कॉपी करायचं आणि तारीख तेवढी टाकायची. मार्च-एप्रिलला टाकी कोरडी पडून गाळाचं काम जोरात असताना लोकांना नवीन ॲप शिकवायला गेलात तर सगळे गुपचूप व्हॉट्सॲपवर परत जातात.