पणजीत मुक्काम: फोंतेन्हासमधले जुने घर की पाटोवरचे नवे हॉटेल?

पणजीत दोन-तीन रात्री राहायचे ठरले की हॉटेलांच्या याद्या चाळण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी नक्की करावे: सकाळी नऊच्या आत आणि दिवेलागणीनंतर आपण कुठे असणार आहोत? सकाळी लवकर गाडी काढून कळंगुट-बागा गाठायचे आणि रात्री बाहेरच जेवून परतायचे, असा बेत असेल, तर फोंतेन्हासमधल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या घरात उतरण्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे बहुतांशी वाया जातात, कारण त्या वस्तीची खरी गंमत नेमक्या याच तासांत असते. दिवसभर तिथे फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी असते की रहिवाशांनी वैतागून दारांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत.

फोंतेन्हास आणि पाटो यांच्यामध्ये फक्त ओरेंची खाडी आहे आणि पूल ओलांडून चालत गेले तर दहा-पंधरा मिनिटे लागतात. मात्र दोन्ही काठांवरचे मुक्काम अगदी वेगळे आहेत. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, झऱ्यांवरून नाव पडलेली फोंतेन्हास ही पणजीची जुनी निवासी वस्ती. १८४३ साली पोर्तुगीजांनी राजधानी अधिकृतपणे जुन्या गोव्याहून पणजीला आणली आणि या भागाची वस्ती वाढत गेली. पाटो हा त्यामानाने कालचा भाग: कदंब बसस्थानक, सरकारी कचेऱ्या, बँका आणि त्यांच्यामध्ये लिफ्ट असलेली, काचेच्या दर्शनी भागाची हॉटेले.

‘हेरिटेज’ या शब्दाला मात्र भुलू नये. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत ‘हेरिटेज’ हा दर्जा १९५० पूर्वी बांधलेल्या वास्तूंना मिळतो, तर त्यावरच्या ‘क्लासिक’ आणि ‘ग्रँड’ या श्रेणींसाठी वास्तू १९३५ पूर्वीची असावी लागते. परंतु फलकावर हा शब्द लिहिण्यासाठी कोणी हा दाखला मागत नाही, त्यामुळे जुन्या घराला नुसता पिवळा रंग आणि निळ्या चौकटी दिलेली ठिकाणेही त्याच नावाने खपतात. ‘घर केव्हाचे आहे आणि मूळच्या भिंती, छप्पर, जमीन यांतले काय शिल्लक आहे’ असे फोनवर विचारले, तर उत्तराच्या सुरावरूनच पुष्कळ कळते.

खऱ्या जुन्या घरांतही दोन जाती आहेत आणि माझ्या मते निवड करताना हाच फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती घर रस्त्याकडे तोंड करून बसते. पुढे बाल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा, त्यात दोन्ही बाजूंना बसायचे बाक, वर लोखंडी जाळीचा सज्जा आणि उंच खिडक्या. घरातल्या माणसाने रस्ता पाहावा आणि रस्त्याने घर पाहावे, अशी ती रचना असते. ३१ जानेवारी रस्त्यावरचे ‘पणजी इन’ हे १८८० च्या दशकातल्या घरातले हॉटेल या जातीचे. हिंदू घर याच्या उलट: रस्त्याला भिंत दाखवून आतल्या राजांगणाभोवती फिरते, प्रकाश वरून येतो आणि खोल्यांची दारे अंगणात उघडतात. त्याच हॉटेलच्या समोरची ‘पणजी पौसादा’ ही वास्तू मूळची हिंदू कुटुंबाची, त्यामुळे तिथे बाहेरचा गलबला कमी पोहोचतो. मात्र अंगणात कोणी मोठ्याने बोलले तर ते सगळ्या खोल्यांना ऐकू जाते. ज्यांना सज्ज्यात बसून रस्ता न्याहाळायचा आहे त्यांनी पहिल्या प्रकारात उतरावे, आणि ज्यांची झोप सावध आहे त्यांनी दुसऱ्या.

खोलीत शिरल्यावर जे आवडते आणि जे खुपते, ते बऱ्याचदा एकाच गोष्टीतून येते. जांभ्या दगडाच्या जाड भिंती एप्रिलच्या दुपारी खोली थंड ठेवतात. जुलैत त्याच भिंती ओल धरतात आणि कपाटातल्या कपड्यांना वास येतो. लाकडी तक्तपोशी देखणी असते, पण वरच्या मजल्यावरचा पाहुणा रात्री उठला की खालच्याला त्याची पावले मोजता येतात. काही घरांत अजून जुन्या पद्धतीच्या खिडक्या आहेत, लाकडी पट्ट्यांत शिंपल्याचे चौकोनी पातळ तुकडे बसवलेल्या. सकाळचे ऊन त्यांतून दुधी होऊन जमिनीवर पडते, डोळ्याला अजिबात खुपत नाही, आणि खिडकी बंद असूनही खोली अंधारी वाटत नाही. मात्र त्यांना पारदर्शक काच नसल्याने बाहेर पाहायचे तर खिडकी उघडावी लागते, आणि संध्याकाळी उघडली तर खाडीकडचे डास आत येतात. खोलीत मच्छरदाणी आहे का, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

पाटोवरच्या हॉटेलात यातले काही नाही. खोली आयताकृती, वातानुकूलन बिनआवाजाचे, न्हाणीघरात गरम पाणी लगेच, इंटरनेट चोख. पहाटेची बस किंवा रेल्वे पकडायची असेल तर ही बाजू निर्विवाद सोयीची. स्वतःची मोटार घेऊन येणाऱ्यांनी तर फोंतेन्हासच्या गल्ल्यांचा नादच करू नये. तिथे गाडी लावायला जागा मिळाली तरी सकाळी ती बाहेर काढणे हे वेगळे काम असते. तिसरा पर्याय मिरामारचा, म्हणजे समुद्र हवा पण शहरही सोडायचे नाही असा. पण मग फोंतेन्हास आणि पाटो, दोन्हीकडे जायला वाहन लागते आणि जुनी वस्ती पाहण्यापुरतीच उरते.

खर्चाचा हिशेब करताना खोलीच्या दराबरोबर कराचाही टप्पा पाहावा. एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर गेले की वस्तू व सेवा कर १८ टक्के लागतो, त्याखाली तो बराच कमी आहे. डिसेंबरच्या अखेरीस जुन्या घरांतल्या सज्ज्याच्या खोल्या सहज या रेषेपलीकडे जाऊ शकतात. पावसाळ्यात त्याच खोल्या पुष्कळ स्वस्त होतात, फक्त ओलीची तयारी ठेवावी लागते. माझ्या अनुभवात ऑक्टोबरचा उत्तरार्ध सर्वांत बरा: पाऊस ओसरलेला, घरे नव्याने रंगवलेली किंवा रंगवणे चालू असलेली, आणि दर अजून न चढलेले.

वयस्क माणसे बरोबर असतील तर मात्र माझा कौल पाटोला. जुन्या घरांचे जिने अरुंद आणि चढे, लिफ्ट बहुधा नाहीच, पलंग इतके उंच की चढायला पाट लागावा, आणि न्हाणीघर नंतर काढलेले असल्याने दाराशी एखादी पायरी हमखास. आमच्या एका मुक्कामात ‘तळमजल्याची खोली’ म्हणून नोंदवलेली खोली प्रत्यक्षात पाच पायऱ्या वर निघाली, कारण घराचे जोतेच तेवढे उंच होते. नोंद घेणाऱ्याने खोटे सांगितले असे नाही. त्याच्या लेखी तो तळमजलाच होता. गुडघे दुखणाऱ्याने पायऱ्यांचा आकडा विचारावा, मजल्याचा नव्हे.

पुढच्या खेपेला आईला घेऊन आम्ही पाटोवर उतरलो आणि सकाळी साडेसहाला मी एकटाच पूल ओलांडून पलीकडे गेलो. सेंट सेबॅस्टियन चॅपेल सहसा प्रार्थनेच्या वेळीच उघडे असते, आणि पूर्वी पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) वाड्यात असलेला तिथला क्रूस, ज्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, तो मला इतक्या वर्षांत त्या दिवशीच नीट पाहता आला. गल्लीत पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा पोंगा वाजवत फिरत होता. त्याच्याकडून चार पोळ्या घेतल्या, म्हणजे कोंड्याचे ते गोल पोकळ पाव, आणि कागदात गुंडाळून परत आलो तेव्हा त्या अजून कोमट होत्या. हॉटेलच्या न्याहारीत मशीनने कापलेला ब्रेड मांडलेला होता. आईने त्याला हात लावला नाही.