ऑफिसच्या कामाला बे एरियात: रोड बाइक भाड्याची, घरची, की चुलतभावाची?

पुण्या-मुंबईहून कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या सनीवेल, सांता क्लारा, माउंटन व्ह्यूच्या ऑफिसांत दोन-तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्यांत सायकलवाले आता बरेच असतात. तिकीट हातात पडलं की ग्रुपवर हमखास विचारणा होते: आपली रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची वेगाची सायकल, न्यावी का? मग चर्चा रंगते ती पैशांची. दुकान किती भाडं घेतं, विमान कंपनी किती आकारते वगैरे. माझ्या मते पैशांचा हिशेब नंतरचा. आधी मोजायच्या त्या मोकळ्या सकाळी आणि उजेडाच्या संध्याकाळी.

जूनच्या अखेरीस तिथं सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. सहाला लॅपटॉप मिटला तरी दोन तास निवांत चालवता येते. डिसेंबरात मात्र पाच वाजताच अंधारतं, आणि नोव्हेंबर ते मार्च हा तिथला पावसाळा. त्यात पुण्याच्या टीमबरोबरचे कॉल. उन्हाळ्यात तिथले रात्रीचे साडेआठ म्हणजे आपले सकाळचे नऊ, म्हणजे टीमची रोजची स्टँडअप मीटिंग अगदी जेवणाच्या ताटावर. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: पहिले काही दिवस झोपेचं गणित असं बिघडतं की पहाटे तीन-चारला टक्क जाग येते. पहिल्या शनिवारी गजर लावावा लागत नाही.

म्हणून उन्हाळ्यात आठवड्याच्या दरानं सायकल घेतली तर ती वसूल होते. हिवाळ्यात तीच सायकल सोमवार ते शुक्रवार हॉटेलच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहते आणि भाडं चालू. तेव्हा फक्त शनिवार-रविवारपुरती घ्यावी.

भाड्याची

आधी दुकानांतला फरक. सॅन फ्रान्सिस्कोत फिशरमन्स वॉर्फच्या आसपास सायकली भाड्यानं देणारी दुकानं ढिगानं आहेत, पण त्यांचा मुख्य धंदा गोल्डन गेट पूल ओलांडून पलीकडच्या सॉसॅलिटो गावाला जाणाऱ्या पर्यटकांचा. तिथं मिळतात त्या बहुतेक हायब्रिड (सरळ हँडलच्या, आरामात फिरायच्या) किंवा इलेक्ट्रिक. आपल्याला हवं ते दुकान म्हणजे जिथं रोड बाइक विकतातही आणि भाड्यानंही देतात, आणि जिथं फोनवर साइज विचारल्यावर समोरचा माणूस उलट तुमची उंची आणि सॅडलची, म्हणजे सीटची, उंची विचारतो. कार्बन फ्रेम, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक, मधल्या दर्जाचा गिअरसेट असेल तर दिवसाला साधारण ६० ते १३० डॉलर धरा. आठवड्याचा दर सहसा चार-पाच दिवसांच्या भाड्याइतका पडतो, त्यामुळे चार दिवस लागणार असतील तर आठवड्याचा भाव विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

घरून नेण्याचं सामान थोडकं: पेडल, शूज, हेल्मेट आणि घरच्या सायकलची मापं. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथं फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर आणि सॅडलच्या टोकापासून हँडलबारपर्यंतचं अंतर टेपनं मोजून, टेपसकट फोटो काढून ठेवा. फ्रेमची साइज नुसती ‘५४’ सांगून भागत नाही. एका कंपनीची ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५६ ला जवळ असू शकते. स्टॅक आणि रीच, म्हणजे फ्रेमची खरी उंची आणि लांबी, विचारा.

पेडल तुमचीच न्या म्हणतो त्याचं कारण क्लीट, म्हणजे शूजच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. शिमानो कंपनीची एसपीडी-एसएल आणि लूक कंपनीची कीओ ही पेडल लांबून सारखी दिसतात, पण एकाची क्लीट दुसऱ्याच्या पेडलमध्ये बसत नाही. पेडलच्या आट्या मात्र रोड बाइकला जगभर त्याच असतात, त्यामुळे घरची पेडल तिथल्या सायकलला बिनतक्रार लागतात. डाव्या पेडलची आटी उलटी असते एवढं लक्षात ठेवलं की झालं, आणि तसंही दुकानदार लावून देतोच. सॅडल नेणार असाल तर सीटपोस्टचा क्लॅम्प कोणत्या रेल्सचा (सॅडलखालच्या दांड्यांचा), ते आधी विचारा. कार्बनच्या रेल्स बहुधा लंबगोल असतात आणि स्टीलच्या गोल, दोन्हींना एकच क्लॅम्प चालेलच असं नाही.

आता ब्रेक. आपल्याकडे लहानपणापासून हाताला सवय असते ती उजव्या लिव्हरनं पुढचा ब्रेक दाबायची. मोटरसायकललाही पुढचा ब्रेक उजवीकडेच. अमेरिकेत गिऱ्हाइकानं वेगळं मागितलं नसेल तर नियमानंच डावा लिव्हर पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्याचा. हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्या काउंटरवर उभ्या उभ्या बदलून मिळत नाहीत. त्यामुळे दुकानाच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसत्या चकरा मारायच्या. चालण्याच्या वेगानं जाऊन फक्त डावा लिव्हर हलकेच दाबायचा, पुढचं चाक कसं धरतं ते तळव्याला कळू द्यायचं, मग थोडा वेग वाढवून पुन्हा. दचकल्यावर मेंदू विचार करत नाही, हात आपोआप दाबतो, आणि मागचा समजून पुढचा डिस्क ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलबारवरून पलीकडे. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची सवय एका फेरीत होते. ब्रेकची होत नाही.

त्याच पार्किंगमध्ये टायरवर काप आहेत का, ब्रेकचे पॅड किती उरलेत, रोटर (डिस्क ब्रेकची चकती) घासतोय का, चेन सगळ्या गिअरवर नीट चढते-उतरते का, तेही बघून घ्या, आणि सायकलभोवती फिरून एक व्हिडिओ काढा. सोबत ट्यूब, पंप, टायर लिव्हर देणार का, ते विचारा. गिअरचं म्हणाल तर मागं ३२ किंवा ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच) मागा, म्हणजे चढ हलका जातो. त्या डोंगरांवर फुशारकी कामाची नाही.

पैसे भरताना अडचण येते ती डिपॉझिटला. दुकानं क्रेडिट कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्डाला (आधीच डॉलर भरलेल्या कार्डाला) बरेचदा नकार मिळतो. आपलं क्रेडिट कार्ड परदेशी व्यवहारांसाठी सुरू आहे ना, ते घरीच अॅपमध्ये बघून घ्या, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर ते मुळात बंदच येतं. कंपनीच्या कार्डावर भाडं भरायच्या भानगडीत पडू नये, अकाउंट्सवाल्यांना ‘रोड बाइक’ कोणत्या खात्यात टाकायची हे समजावण्यात दोन आठवडे जातील.

घरची

सवयीची सायकल, सवयीचे ब्रेक, सवयीचं सॅडल. याला तोड नाही. पण हार्ड केस (सायकल न्यायची टणक पेटी) आणि सायकल मिळून वजन २० किलोच्या वर सहज जातं. इकॉनॉमीच्या एका बॅगेची मर्यादा बहुधा २३ किलो, म्हणजे एक बॅग तिथंच संपली. कपडे, लॅपटॉपचा पसारा आणि आईनं दिलेली चकली-चिवड्याची पाकिटं उरलेल्या जागेत. केसची लांबी, रुंदी, उंची मिळून नेहमीच्या १५८ सेंटिमीटरच्या हद्दीत येत नाही. अमेरिकन आणि डेल्टा या कंपन्यांनी २०१९ मध्ये सायकलींवरचा जादा आकार काढून नेहमीच्या बॅगेत धरायला सुरुवात केली, पण सगळ्यांचं तसं नाही. काही ठिकाणी एका बाजूचे शंभर-दीडशे डॉलर जातात. तिकिटात दोन कंपन्या असतील तर दोघींचे नियम वाचा.

विमानाच्या पोटात सगळ्यात जास्त मार खातो तो मागचा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा. डिरेलर सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधावा आणि जादाचा हँगर बरोबर ठेवावा. तो मॉडेलगणिक वेगळा असतो, तिथल्या दुकानात तुमचा मिळेलच असं नाही. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (पॅड असतात त्या भागात) दोन पॅडमधला प्लास्टिकचा तुकडा घालायला विसरू नका, चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन चिकटतात. टॉर्क रेंच (बोल्ट नेमक्या जोरानं आवळायचा पाना) हवाच. टायर फुगवायची सीओटू काडतुसं तिथं पोचल्यावर घ्या.

याशिवाय दोन गोष्टी लोक धरत नाहीत. एक म्हणजे विमानतळ ते हॉटेल: ती केस साध्या सेडानमध्ये मावत नाही, मोठी गाडीच बोलवावी लागते, आणि इकडे पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतही तेच. दुसरी म्हणजे परतताना कस्टम. महागडी सायकल असेल तर निघताना कस्टमकडून ती इथूनच नेल्याचं निर्यात प्रमाणपत्र घ्यावं आणि बिल जवळ ठेवावं. नाहीतर परत येताना तीच सायकल तिकडे विकत घेतली नाही हे तुम्हीच पटवत बसाल. आणि अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरल्यावर सगळं सामान घेऊन पुन्हा जमा करावं लागतं, तेव्हा पुढच्या विमानाला तेवढा वेळ ठेवा.

एवढा उपद्व्याप कुणी करावा? महिना-दीड महिना राहणाऱ्यानं. तिथल्या एखाद्या मोठ्या राइडला नाव घातलेल्यानं. आणि ज्यांची साइज दुकानात सापडत नाही त्यांनी, हे विशेष करून बुटक्या माणसांना आणि बऱ्याच बायकांना लागू आहे. ४७-४८ ची रोड बाइक भाड्याच्या ताफ्यात असते ती एखादीच, तीही नेमकी त्या शनिवारी कुणी नेलेली. अशा वेळी ‘५२ चालेल, सॅडल खाली करू’ म्हणणाऱ्या दुकानाला नमस्कार करावा.

चुलतभावाची, आणि रस्त्यावरच्या शेअर सायकली

बे एरियात प्रत्येकाचा कुणी ना कुणी असतोच. त्याच्या गॅरेजमध्ये छताला टांगलेली एक सायकलही असते, २०१४ च्या उत्साहात घेतलेली. फुकट आहे, पण टायर वाळून तडकलेले आणि चेन गंजलेली असते. दुरुस्तीला सव्वाशे डॉलर घालून वर ती तुमच्या मापाचीही नसते. शिवाय सायकल घ्यायला गेलं की वहिनी पोह्यांशिवाय सोडत नाहीत आणि सकाळचे दहा तिथंच वाजतात. भाऊ स्वतः चालवत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मग दुकानाचा विचारच सोडा.

बे व्हील्सच्या शेअर सायकली सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, बर्कली, एमरीव्हिल आणि सॅन होजेत मिळतात, सनीवेल-माउंटन व्ह्यूच्या हॉटेलसमोर नाही. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत ठीक. व्यायाम म्हणून त्यांच्याकडे बघू नये.

रस्ते ठरवतात

तुम्ही जाणार कुठं, यावरही बरंच अवलंबून आहे. नुसतं सपाटीवर पाय मोकळे करायचे असतील तर कुठलीही हायब्रिड चालेल. रविवारी कन्याडा (Cañada) रोडचा सहा-एक किलोमीटरचा तुकडा मोटारींना बंद करून सायकलींना दिलेला असतो, पोरांसोबत गेलात तरी मजा येते. पण वुडसाइडजवळचा ओल्ड ला होंडा हा घाट चढायचा असेल तर चांगली सायकल घ्याच. साडेपाच किलोमीटरांत सुमारे ३९० मीटरचा चढ, सरासरी सात टक्के, रेडवुडच्या झाडांच्या सावलीतला अरुंद रस्ता आणि वाहनं नावापुरती. सिंहगड चढणाऱ्याला तो जड जाणार नाही, मात्र सवय नसलेल्या सॅडलवर उतार उतरताना हात भरून येतात. सनीवेलहून फूटहिल एक्सप्रेसवेनं गेलं की पायथा पंचवीस-तीस किलोमीटरांवर येतो. वुडसाइड आणि पोर्टोला व्हॅलीत स्टॉप साइनला खरोखर थांबा, तिथं सायकलवाल्यांनाही दंड होतो. लाल सिग्नल असला तरी मोटारी उजवीकडे वळतात, त्यांच्या उजव्या अंगाला घुसू नका.

पूर्ण दिवस मोकळा असेल तर सॅन होजेच्या पूर्वेचा माउंट हॅमिल्टन. माथ्यावर १,२८३ मीटरवर लिक वेधशाळा आहे. तीस किलोमीटरांचा हा रस्ता १८७६ मध्ये घोडागाड्यांनी सामान वर नेता यावं म्हणून बांधला, त्यामुळे चढ कुठंच अंगावर येत नाही, फक्त संपत नाही. मधे दोन उतार लागतात आणि मिळवलेली उंची घालवतात. वाटेत दुकानं जवळपास नाहीत, बाटल्या दोन ठेवा. इथं भाड्याची सायकल मापात बसलेली नसेल तर तिसऱ्या तासाला गुडघे बोलू लागतात.

लांब जायचं तर कॅल्ट्रेन ही रेल्वे आहे. सॅन होजे ते सॅन फ्रान्सिस्को गाडीत सायकलींसाठी वेगळी जागा असते आणि सायकलचं तिकीट लागत नाही.

मग काय ठरवायचं

दोन आठवड्यांची फेरी, दोन मोकळे शनिवार-रविवार, हिवाळा: भाड्याची, फक्त सुट्टीपुरती. दिवसाला ९० डॉलर धरले तर चार दिवसांचे ३६०, म्हणजे तीस हजार रुपयांच्या आसपास. महाग वाटतं, पण केस, टॅक्सी आणि जादा बॅगेचा खर्च जमेला धरला तर घरची फुकट पडत नाहीच. तीच फेरी मे ते ऑगस्टमध्ये असेल आणि हॉटेल डोंगराच्या बाजूला असेल, तर एक आठवडा सलग घ्या, तोही पहिला, कारण पहाटेची जाग तेव्हाच येते. एकच शनिवार मोकळा असेल आणि शुक्रवारी रात्री टीमचं जेवण असेल, तर भाऊ चालवणारा नसल्यास सायकलचा नाद सोडून पायी फिरा. पाच आठवडे, एप्रिलनंतर: घरची, बिनधास्त.

विम्याचं एक राहिलं. कंपनीच्या प्रवास विम्यात सायकलिंग धरलेलं आहे का, ते निघण्याआधी वाचा, तिथल्या एका इमर्जन्सी रूमच्या बिलात दोन रोड बाइक येतात. भाड्याच्या सायकलचं नुकसान किंवा चोरी त्यात बहुधा नसतेच, दुकानाच्या कागदावर सही करताना तो आकडा बघून घ्या. हॉटेलवाल्यांना सायकल खोलीत ठेवू देता का, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. रात्री बाहेर कुलूप लावून ठेवायची नाही, कुलूप कितीही जाड असो.

आणि परत द्यायची वेळ विचारा. बरीच सायकल दुकानं दहा-अकराला उघडतात, काही सोमवारी बंद असतात. तुमची सोमवारची पहिली मीटिंग नऊला असेल तर सायकल रविवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी द्यावी लागेल, म्हणजे माउंट हॅमिल्टन शनिवारीच.