ओपनओसीडी ०.१२.० : बोलतं खरं, पण कुठून बोलतं ते सांगत नाही

ओपनओसीडी म्हणजे पीसीवरून चिपशी बोलणारं, तिच्यात प्रोग्रॅम चढवणारं सॉफ्टवेअर. पाचपैकी साडेतीन तारे. दीड कशाचा कापला ते पुढे येईल.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमची छोटी शेड आहे. शेतातल्या पंपांचे कंट्रोलर बनवतो, आत एसटीएम३२एफ१०३ चिप. बोर्ड सोल्डर होऊन आला की खिळ्यांच्या जिगवर, म्हणजे बोर्डाला खिळे टेकवणाऱ्या साच्यावर, ठेवायचा, दांडी खाली ओढायची, प्रोग्रॅम चढतो, चिपचा युनिक आयडी, म्हणजे तिचा एकटीचा नंबर, वाचला जातो आणि त्याचंच स्टिकर छापून निघतं. हे सगळं एका जुन्या पीसीवर उबुंटू २०.०४ आणि ओपनओसीडी ०.१०.० यांच्या भरवशावर चाललं होतं. चालतंय त्याला हात लावायचा नाही, हा माझा धर्म. पावसाळ्यात त्या पीसीची हार्डडिस्क गेली आणि धर्म बुडाला.

नवीन पीसीवर उबुंटू २४.०४ घातलं, त्यात ०.१२.० येतं. ०.१० आलं जानेवारी २०१७ ला, ०.१२ जानेवारी २०२३ ला. म्हणजे मी एका उडीत सहा वर्षं ओलांडली. जुना फोल्डर बॅकअपमधून उचलून ठेवला, जिगची दांडी ओढली आणि बोर्ड पहिल्या फटक्यात प्रोग्रॅम झाला. मी खुशीत घरी, दांडिया बाजारात, जेवायला आलो. भाकरी ताटात पडते न पडते तोच जिगवरच्या मुलाचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो. ‘डेप्रिकेटेड! यूज अडॅप्टर स्पीड, नॉट अडॅप्टर_केएचझेड’. म्हणजे ही कमांड जुनी झाली, नवी वापरा. अशाच आणखी पाच-सहा ओळी. खाली त्याचा प्रश्न, “काका, लाल नथी, तो चालसे ने?” लाल अक्षरं नाहीत, मग चालेल ना?

चालसे. हाच या सॉफ्टवेअरचा मोठेपणा आणि हाच त्रास. जुनी कमांड दिली की ते नव्या कमांडचं नाव सांगतं आणि काम मात्र निमूट करून देतं. ‘इंटरफेस’ लिहिलंत तर म्हणतं ‘अडॅप्टर ड्रायव्हर’ लिहा. ‘एचएलए_सीरियल’ लिहिलंत तर ‘अडॅप्टर सीरियल’. इतकी अदब मी पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही पाहिलेली नाही, आणि हे तर फुकट आहे. जर्मनीत आउग्सबुर्गच्या एका विद्यार्थ्याने, डोमिनिक राथने, २००५ मध्ये पदवीच्या प्रबंधासाठी सुरू केलेलं काम. त्यावर आज इथे पंप फिरतात.

नव्या नावांमागचा विचार मला पटला. पूर्वी प्रत्येक कमांड अंडरस्कोरने जोडलेली एकेक लांबलचक शेपटी होती. आता आधी घराणं, मग काम: अडॅप्टर स्पीड, अडॅप्टर सीरियल, अडॅप्टर ड्रायव्हर. एफटीडीआय कंपनीच्या चिपवाली केबल वापरणाऱ्यांचंही तसंच, ‘एफटीडीआय_व्हीआयडी_पीआयडी’चं झालं ‘एफटीडीआय व्हीआयडी_पीआयडी’. आम्हा बडोदेकरांना यात नवल नाही. इथे कागदोपत्री आधी आडनाव लिहायची जुनी पद्धत आहे.

आता तक्रार. ती सूचना कमांडचं नाव सांगते, पण ही कमांड कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत आहे ते सांगत नाही. मी आमची मुख्य कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, उघडून सगळं बदललं, सेव्ह केलं, पुन्हा दांडी ओढली. तीन ओळी गेल्या, तीन तशाच. परत फाइल वाचली, त्यात जुनं काहीच नाही. भुताटकी!

शेवटी ग्रेप मारला, म्हणजे फाइलींत शब्द शोधणारी कमांड. जी कमांड ओरडत होती तिचं नाव देऊन पूर्ण फोल्डर धुंडाळला, तेव्हा चोर सापडला, आणि तो मीच. कधीतरी एसटी-लिंकची, म्हणजे पीसी आणि चिप जोडणाऱ्या अडॅप्टरची, मूळ कॉन्फिग मी उचलून आमच्याच फोल्डरमध्ये कॉपी केली होती, स्पीड जरा कमी करायला. ओपनओसीडी फाइल शोधताना आधी चालू फोल्डरमध्ये बघतं, शेवटी आपल्या स्वतःच्या स्क्रिप्ट्सच्या फोल्डरमध्ये जातं. त्यामुळे त्यांची नवी, नीट केलेली फाइल पीसीत असूनही रोज माझी जुनी झेरॉक्सच चालत होती. ती बाहेर काढली, ‘एसटीलिंक-व्ही२’च्या जागी साधी ‘एसटीलिंक’ फाइल जोडली, एकाच पीसीवर दोन जिग आहेत म्हणून प्रत्येकीला आपापला ‘अडॅप्टर सीरियल’ दिला. स्क्रीन स्वच्छ. ओळ क्रमांक दिला असता तर हे दहा मिनिटांचं काम होतं, माझी दुपार गेली. अर्धा तारा इथे कापला.

उरला दुसरा एक तारा, त्यात माझीही चूक आहे, पण पूर्ण माझी नाही.

चिपचा युनिक आयडी ९६ बिटांचा, म्हणजे ३२ बिटांचे तीन तुकडे, कागदावर चोवीस अक्षरं. पूर्वी तो ‘मेम२ॲरे’ने वाचायचो. तिच्या जागी आता ‘रीड_मेमरी’. नावापुरता बदल नाही हा. जुनीला आधी ॲरेचं (आकडे ठेवायच्या खणांचं) नाव, मग रुंदी (एक तुकडा किती बिटांचा), मग मेमरीतला पत्ता, मग तुकड्यांची संख्या. नवीला आधी पत्ता, मग रुंदी, मग संख्या, आणि ॲरे नाहीच, सरळ यादी हातात देते. सवयीने रुंदी आधी लिहिलीत तर भलत्याच पत्त्यावर जाऊन उभे राहाल. मी एकदा राहिलो.

ते लगेच कळलं, पण पुढचं नाही कळलं. जुनी कमांड आकडे दशमानात द्यायची, म्हणून मी ते फॉरमॅट कमांडने आठ-आठ हेक्स (सोळाच्या पायाच्या) अक्षरांत बसवायचो. नवी थेट हेक्समध्येच देते, पुढे शून्य-एक्स लावून. मी म्हटलं, वा, फॉरमॅटची गरजच संपली! पुढची दोन अक्षरं छाटली, तिन्ही तुकडे जोडले, स्टिकर छापायला सोडले. पण ती कमांड पुढची शून्यं भरत नाही. आमच्या चिपांच्या पहिल्या तुकड्याची सुरुवातच शून्याने, ते गळालं.

पीसीने चकार शब्द काढला नाही. स्टिकर लावणाऱ्या मावशी उठून माझ्या टेबलापाशी आल्या. हातात दोन बोर्ड, एक कालचा, एक आजचा.

“भाऊ, आजचा नंबर आखूड आहे.”

“आखूड म्हणजे?”

“कालचा या भोकापर्यंत येतो. आजचा अलीकडेच संपतो.”

दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून त्यांनी नखाने खूण दाखवली. एका अक्षराचा फरक. अकरा बोर्डांना ते स्टिकर लागून गेलं होतं. फॉरमॅट परत आणला, आठ अक्षरं शून्यांनी भरून देणाऱ्या ‘शून्य आठ एक्स’सकट, आणि अकरा स्टिकर ब्लेडने खरवडून काढली. मावशींनी एकही फाटू दिलं नाही, मी दोन फाडली.

घ्यावं का? घ्याच, दुसरं काय घेणार. एसटी कंपनीच्या चिपा, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून प्रोग्रॅमिंग, स्वस्तातली एफटीडीआयची केबल, सगळं या एकात चालतं. पण ०.१० वरून येत असाल तर ‘चालसे’वर जाऊ नका. सूचना दिसली त्याच दिवशी बदला. ही जुनी नावं पुढच्या आवृत्त्यांतून काढून टाकण्यासाठीच डेप्रिकेटेड केलेली आहेत, आणि ती गेली की जिग सकाळी साडेनऊला, माल निघायच्या दिवशीच अडून बसेल.

मावशींनी एक बरोबर स्टिकर टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवलं आहे. रोजचं पहिलं स्टिकर आधी त्याच्यावर धरून बघतात, मग बोर्डाला लावतात.